लोलकाच्या पृष्ठावरील लेसर-शलाका : किरण-कल्पनेच्या मर्यादा

ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांत भौतिकीचा विद्यार्थी जे प्रयोग हमखास करतो, त्यांत काचेच्या लोलकाचा वक्रीभवनांक काढण्याचा प्रयोग अग्रभागी असतो. पूर्वी या कामी सोडियमचा दिवा व फट यांचा उपयोग होई. आता अनेक ठिकाणी त्यांची जागा लाल लेसरने घेतली आहे. लेसरची शलाका डोळ्यांना रेषेसारखी सरळ व बारीक दिसते. त्यामुळे ती म्हणजेच पाठ्यपुस्तकातील ‘किरण’ असा समज सहज होतो आणि स्नेलचा नियम तिला जसाच्या तसा लावला जातो. लघुतम विचलनाच्या प्रयोगात हा समज निभावून जातो. परंतु तोच लोलक घेऊन पूर्ण अंतर्गत परावर्तनाच्या क्रांतिक कोनावरून वक्रीभवनांक काढू लागलो, की उत्तर थोडेसे चुकू लागते, आणि ते दर वेळी एकाच दिशेने चुकते. प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासताना प्रस्तुत लेखकाला पुष्कळदा असे आढळले आहे की, विद्यार्थ्याने प्रथम लिहिलेला आकडा खोडून त्याजागी कोष्टकातील आकडा लिहिलेला असतो. वास्तविक खोडलेला आकडाच अनेकदा खरा असतो. चूक हाताची नसून किरण-कल्पनेची असते. ही कल्पना कोठे, का व किती प्रमाणात अपुरी पडते, याचे विवेचन करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

शलाका म्हणजे किरण नव्हे

भूमितीय प्रकाशकीतील किरणाला जाडी नसते, दिशा मात्र एकच व नेमकी असते. तरंग-सिद्धांताला अशी वस्तू मान्य नाही. ज्या तरंगाची दिशा नेमकी एक आहे असा समतल तरंग अमर्याद रुंदीचा असावा लागतो. आणि ज्या तरंगाची रुंदी मर्यादित आहे त्याच्या अंगी अनेक दिशा असाव्याच लागतात. लेसरमधून येणारी शलाका ही थोड्याथोड्या भिन्न दिशांनी जाणाऱ्या असंख्य समतल तरंगांची बेरीज असते. गाउसीय शलाकेच्या बाबतीत दिशांच्या या विस्ताराचे मान सोपे आहे : तरंगलांबीला पाय व शलाकेची लघुतम त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागले असता शलाकेचा अर्ध-अपसारण कोन मिळतो. त्रिज्या म्हणजे मध्यापासूनचे असे अंतर, की जेथे तीव्रता मध्यातील तीव्रतेच्या सुमारे १३.५ टक्के उरते.

हेलियम-निऑन लेसरचे उदाहरण घेऊ. तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर व शलाकेची त्रिज्या ०.४ मिलिमीटर धरली, तर अर्ध-अपसारण कोन सुमारे ०.५ मिलिरेडियन, म्हणजे १.७ मिनिटे येतो. ज्या वर्णपटमापकावर १ मिनिट किंवा ३० सेकंदांपर्यंत वाचन घेता येते, त्याच्या दृष्टीने हा कोन उपेक्षणीय नाही. काचेत तरंगलांबी कमी होत असल्याने, वक्रीभवनांक १.५१५ असलेल्या काचेत हाच कोन ०.३३ मिलिरेडियन होतो.

आता मुख्य मुद्दा असा. शलाकेतील प्रत्येक समतल तरंग लोलकाच्या पृष्ठावर स्नेलचा नियम तंतोतंत पाळतो. त्या नियमाला कोठेही बाध येत नाही. परंतु पृष्ठावरून किती प्रकाश परत फिरेल, किती पार जाईल आणि त्याच्या कलेत किती फरक पडेल, हे फ्रेनेलच्या सूत्रांनुसार आपतन कोनावर अवलंबून असते. म्हणून शलाकेतील निरनिराळ्या घटकांना निरनिराळी वागणूक मिळते आणि त्यांची फेरबेरीज केली असता शलाकेचा मध्य मूळ मध्याच्या जागी राहत नाही.

हे समजण्यास आपल्या नित्य परिचयाचे एक उदाहरण पुरेसे आहे. मुंबईकडून कल्याण स्थानकात येणाऱ्या गर्दीचा मोठा भाग पुढे कसाऱ्याच्या किंवा कर्जतच्या मार्गाला लागतो. प्रत्येक प्रवासी आपापल्या गाडीने, आपापल्या वेळापत्रकाप्रमाणेच जातो. तथापि कर्जतची गाडी काही कारणाने रोखून धरली, तर पुढे सरकणाऱ्या समुदायाचा ‘सरासरी मार्ग’ कसाऱ्याच्या बाजूला कलेल. कोणाही एका प्रवाशाने मार्ग बदललेला नसतो. समुदायाची घडण बदललेली असते. शलाका हा असाच एक समुदाय आहे.

घडणीतील हा बदल दोन प्रकारे होतो. पृष्ठाने घटकांच्या कलेत कोनागणिक फरक केला, तर शलाका स्वतःशी समांतर राहून बाजूला सरकते. पृष्ठाने घटकांच्या परमप्रसरात कोनागणिक फरक केला, तर शलाकेची दिशाच बदलते. पहिले स्थानांतर, दुसरे कोनांतर. पुढील सर्व विवेचन या दोहोंचाच विस्तार आहे.

पूर्ण परावर्तनातील स्थानांतर

पूर्ण अंतर्गत परावर्तनात सगळा प्रकाश परत फिरतो, म्हणून परमप्रसरात फरक पडत नाही. कलेत मात्र पडतो. हा कलाभेद फ्रेनेलने १८२३ मध्येच गणिताने दाखविला होता. त्याहीपूर्वी न्यूटनने लोलकाच्या परावर्तक पृष्ठाला बहिर्गोल काच टेकवून पाहिले असता, प्रत्यक्ष स्पर्शाच्या बिंदूसभोवतीच्या थोड्या भागातूनही प्रकाश पार जातो, असे त्यास आढळले होते. याचा अर्थ असा की, परत फिरण्यापूर्वी प्रकाश पृष्ठापलीकडे थोडासा डोकावतो. पलीकडील हा ऱ्हासमान तरंग पृष्ठापासून दूर जाताना झपाट्याने क्षीण होतो. आपल्या उदाहरणातील काचेत ४५ अंशांच्या आपतनाला त्याचा परमप्रसर सुमारे २६२ नॅनोमीटर अंतरात २.७ पटींनी घटतो.

दृश्य प्रकाशाच्या बाबतीत हे अंतर इतके सूक्ष्म आहे की, दोन लोलकांमध्ये तेवढी हवेची फट राखणे कठीण. ही अडचण जगदीशचंद्र बोस यांनी मोठ्या कल्पकतेने टाळली. त्यांनी कलकत्त्यास अल्प लांबीच्या विद्युत् तरंगांवर काम केले. या तरंगांची लांबी सेंटिमीटरच्या मानाची असल्याने लोलकांमधील फटही मिलिमीटरांत मोजता येई. हवेच्या थराच्या जाडीचा पूर्ण परावर्तनावर होणारा परिणाम सांगणारा त्यांचा निबंध १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. दोन लोलकांची ही मांडणी पुढे पुंजयामिकीतील ‘बोगदा-परिणामा’चे प्रतिरूप म्हणून पाठ्यपुस्तकांत रूढ झाली.

प्रकाश पलीकडे डोकावून परत येत असेल, तर तो आत शिरला त्याच बिंदूतून परत निघणार नाही, हे ओघानेच आले. हे स्थानांतर प्रत्यक्ष मोजण्याचे श्रेय फ्रिट्झ गूस व हिल्डा हेन्खेन या जर्मन संशोधकांना जाते. त्यांचा निबंध १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका परावर्तनातील सरक अत्यल्प असल्याने त्यांनी काचेच्या पट्टीत प्रकाशाची पुनःपुन्हा परावर्तने घडवून सरकेची बेरीज होऊ दिली आणि चांदीचा लेप दिलेल्या भागावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाशी तिची तुलना केली. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, कुर्ट आर्टमान याने कलाभेदाच्या आपतन कोनानुसार होणाऱ्या बदलावरून या सरकेचे सूत्र दिले.

आर्टमानच्या सूत्राप्रमाणे, विद्युत् क्षेत्र आपतन प्रतलाला लंब असताना सरक पुढीलप्रमाणे मिळते : काचेतील तरंगलांबीला पायने भागावे, आलेल्या संख्येस आपतन कोनाच्या ज्येने गुणावे, आणि त्या ज्येच्या वर्गातून क्रांतिक कोनाच्या ज्येचा वर्ग वजा करून उरलेल्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे. काटकोनी लोलकात ४५ अंशांच्या आपतनाला ही सरक ०.३७ मायक्रोमीटर येते. विद्युत् क्षेत्र आपतन प्रतलात असल्यास ती सुमारे ०.५७ मायक्रोमीटर होते. पहिल्या प्रकारात एक सुंदर संगती आढळते. परावर्तन खऱ्या पृष्ठावर न होता त्याच्या पलीकडे २६२ नॅनोमीटरांवर असलेल्या काल्पनिक पृष्ठावर होते असे मानून साध्या भूमितीने सरक काढली, तरी उत्तर तेच येते. हे अंतर ऱ्हासमान तरंगाच्या वर दिलेल्या खोलीइतकेच आहे.

०.८ मिलिमीटर व्यासाच्या शलाकेत ०.३७ मायक्रोमीटरांची सरक म्हणजे व्यासाचा दोन-हजारावा भागही नव्हे. शिकाऊ प्रयोगशाळेत ती एका परावर्तनात दिसणार नाही. परंतु आपतन कोन क्रांतिक कोनाजवळ आणला की सूत्रातील भाजक शून्याकडे जातो व सरक अनंत होते असे सूत्र म्हणू लागते. सूत्राचा हा दावा अर्थातच खरा नाही. आर्टमानने शलाका जवळजवळ समतल मानली होती. क्रांतिक कोनावर मात्र शलाकेतील दिशांचा विस्तार दुर्लक्षून चालत नाही. या ठिकाणचे सुसंगत उत्तर होरोविट्झ व तामीर यांनी १९७१ मध्ये दिले. त्यानुसार सरक सांत राहते आणि तिचे मान तरंगलांबी व शलाकेची रुंदी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरते. आपल्या उदाहरणात ती काही मायक्रोमीटरांच्या घरात जाते.

क्रांतिक कोनावरील कोनांतर

आता ज्या परिणामामुळे विद्यार्थ्याचे उत्तर चुकते, त्याकडे वळू. वक्रीभवनांक १.५१५ असता क्रांतिक कोन ४१ अंश १८ मिनिटे येतो. काटकोनी लोलकाच्या लहान बाजूवर शलाका लंब सोडली, तर कर्णपृष्ठावरील आपतन ४५ अंशांचे असते. लोलक बाहेरच्या मानाने ५.६ अंश फिरविला की क्रांतिक कोन गाठला जातो. भूमितीय प्रकाशकी सांगते की, या क्षणी बाहेर पडणारा किरण पृष्ठाला घासून जावा, आणि त्यानंतर एकदम नाहीसा व्हावा.

प्रत्यक्षात असे घडत नाही. शलाकेचा मध्य क्रांतिक कोनावर असताना निम्मे घटक त्या कोनापलीकडे असतात. ते पूर्ण परावर्तित होतात. उरलेले निम्मे क्रांतिक कोनाच्या आत असल्याने बाहेर पडू शकतात. पण ते पृष्ठाला घासून जात नाहीत. प्रत्येक जण स्नेलच्या नियमाप्रमाणे पृष्ठापासून थोडा वर उचललेला असतो. किती वर, याचे गणित महत्त्वाचे आहे. घटकाचा आपतन कोन क्रांतिक कोनापेक्षा जितका कमी, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात तो पृष्ठापासून उचलला जातो. लहान संख्येचे वर्गमूळ तिच्या मानाने मोठे असते. म्हणून काचेतील अत्यल्प विस्तार बाहेर पुष्कळच फुगतो. शिवाय नेमके पृष्ठालगत दूरवर पाहिले असता तीव्रता शून्य असते. या दोन्ही गोष्टी हिशेबात घेतल्या, तर आपल्या उदाहरणात निर्गत प्रकाशाची महत्तम तीव्रता पृष्ठापासून सुमारे १.१ अंशावर येते. काचेतील अर्ध-अपसारण अवघे ०.०१९ अंश, बाहेरचे विचलन त्याच्या पन्नासपटींहून अधिक! दोन मीटर अंतरावरील पडद्यावर हे विचलन सुमारे ४ सेंटिमीटर भरेल. ते पाहण्यास कोणतेही मौल्यवान उपकरण लागत नाही. पडदा, लोलक व संयम पुरे.

ज्या परिणामाचे हे घरगुती रूप आहे, त्याकडे ट्युरेची व स्टोन यांनी २००२ मध्ये लक्ष वेधले आणि त्यास ‘फ्रेनेल-गाळण’ असे यथार्थ नाव दिले. त्यांचा रोख सूक्ष्म लेसर-पोकळ्यांकडे होता. तेथे शलाकेची रुंदी तरंगलांबीच्या थोड्याच पटींत असते. त्यामुळे स्नेलच्या नियमाने अपेक्षिलेली दिशा व प्रत्यक्ष दिशा यांतील अंतर फार मोठे होऊ शकते.

आता विद्यार्थ्याच्या वहीकडे पाहू. लोलक फिरवीत असता बाहेर येणारा प्रकाश ‘अगदी नाहीसा’ होईल तो कोन क्रांतिक कोन म्हणून नोंदविला जातो. परंतु शेवटचा प्रकाश तेव्हाच नाहीसा होतो, जेव्हा शलाकेचा मध्य क्रांतिक कोनापलीकडे जवळजवळ एक अर्ध-अपसारण कोन गेलेला असतो. तेव्हाही शलाकेची सुमारे २ टक्के ऊर्जा क्रांतिक कोनाच्या आत असते. म्हणजे नोंदविलेला कोन खऱ्यापेक्षा मोठा आणि त्यावरून काढलेला वक्रीभवनांक खऱ्यापेक्षा लहान येतो. ०.४ मिलिमीटर त्रिज्येच्या शलाकेत ही चूक ०.०००६ इतकी होते.

येथे एक विपरीत गोष्ट घडते. ठिपका अधिक बारीक असला म्हणजे मापन अधिक अचूक होईल, या समजुतीने विद्यार्थी पुष्कळदा भिंगाने शलाका लोलकाच्या पृष्ठावर केंद्रित करतो. त्रिज्या २० मायक्रोमीटर झाली, तर काचेतील अर्ध-अपसारण वीसपट होते, बाहेरचे महत्तम तीव्रतेचे स्थान पृष्ठापासून ५ अंशांवर जाते, आणि वक्रीभवनांक १.५१५ ऐवजी सुमारे १.५०४ मिळतो. काळजी जितकी अधिक, तितकी चूक मोठी! अशा वेळी वहीतील आकडा खोडणारा विद्यार्थी हाती आलेला एक खरा भौतिक परिणाम पुसून टाकीत असतो.

उपाय याच्या उलट आहे. शलाका दहापट रुंद केली, तर वक्रीभवनांकातील चूक ०.००००६ वर येते. मात्र बाहेरचे कोनांतर वर्गमुळाने घटत असल्याने ते ०.३५ अंश उरतेच. तरंगलांबी शलाकेच्या रुंदीच्या मानाने शून्याकडे नेली असता भूमितीय प्रकाशकी पुन्हा प्राप्त होते, हे तत्त्व खरे. पण क्रांतिक कोनावर ती फार सावकाश प्राप्त होते. याहून चांगला मार्ग म्हणजे प्रकाश कधी नाहीसा होतो हे डोळ्याने न ठरविता परावर्तित तीव्रता प्रकाश-विद्युत् घटाने कोनागणिक मोजावी आणि दिशांच्या विस्तारावर सरासरी काढलेल्या फ्रेनेलच्या वक्राशी ती जुळवून पाहावी.

ब्रूस्टर कोन व लघुतम विचलन

कोनांतर केवळ पारगमनातच घडते असे नाही. हवेतून काचेवर पडणाऱ्या प्रकाशाचे विद्युत् क्षेत्र आपतन प्रतलात असेल, तर ब्रूस्टर कोनावर – आपल्या काचेसाठी ५६.६ अंशांवर – परावर्तन शून्य होते. शलाकेच्या मध्यघटकाचे परावर्तन शून्य झाले, तरी दोन्ही बाजूंच्या घटकांचे होत नाही. म्हणून क्षीण परावर्तित शलाका दुभंगून तिच्या मधोमध काळी रेघ येते. या कोनाजवळील कोनांतराचे गणित चॅन व तामीर यांनी १९८५ मध्ये मांडले. परावर्तित शलाकेतील अशी कोनांतरे नेदरलँड्समधील लायडन येथे मेरानो व त्याच्या सहकाऱ्यांनी मोजली. ते काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘आपतन कोन व परावर्तन कोन समान’ हा शालेय नियमही शलाकेच्या मध्यासाठी तंतोतंत खरा नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

या सर्वांमुळे लघुतम विचलनाच्या प्रयोगाविषयी शंका घेण्याचे कारण आहे काय? मुळीच नाही. तेथे आपतन कोन सुमारे ४९ अंशांचा असतो व पारगमन कोनागणिक फार हळू बदलते. कोनांतर अपसारणाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास येते. तात्पर्य, एकाच लोलकावरील एका प्रयोगात किरण-कल्पना निर्दोष ठरते आणि दुसऱ्यात अपुरी. सिद्धांताची मर्यादा वस्तूवर नव्हे, तर पृष्ठाचा प्रतिसाद कोनागणिक किती झपाट्याने बदलतो यावर ठरते.

आडवी सरक

आतापर्यंतची सर्व विचलने आपतन प्रतलात होती. वर्तुळ-ध्रुवित शलाका त्या प्रतलाच्या बाहेर, म्हणजे आडवीही सरकते. फ्योदोरोव याने १९५५ मध्ये ती भाकित केली व इम्बर याने १९७२ मध्ये प्रयोगाने दाखविली. डावे व उजवे वर्तुळ-ध्रुवण परस्परविरुद्ध दिशांना सरकतात. कारण प्रत्येक घटकाचे आपतन प्रतल किंचित् वळलेले असल्याने त्याच्या ध्रुवणाला निराळी भूमितीय कला प्राप्त होते. ध्रुवित प्रकाशाच्या या भूमितीय कलेचा पाया १९५६ मध्ये एस्. पंचरत्नम् यांनी घातला, हे भारतीय वाचकाने विसरू नये. वक्रीभवनातील ही आडवी सरक तरंगलांबीच्या अंशाइतकीच असते. होस्टेन व क्वियाट यांनी २००८ मध्ये कोन बदलता येणाऱ्या लोलकावर ती मोजली. ‘दुर्बल मापना’च्या युक्तीने ती सुमारे दहा हजार पटींनी विवर्धित करून त्यांनी एका अँगस्ट्रॉमपर्यंतची संवेदनक्षमता साधली.

उपसंहार

आपल्या परिसराचा लेसरशी संबंध जुना आहे. ठाण्याच्या खाडीच्या काठी, ट्रॉम्बे येथील अणुऊर्जा संस्थेत १९६४ मध्येच गॅलियम आर्सेनाइडचा अर्धसंवाहक लेसर तयार झाला होता. आज त्याच जातीचे लहान लेसर विद्यार्थ्याच्या हाती सहज येतात. त्यांची शलाका बहुधा एका दिशेने रुंद व दुसऱ्या दिशेने अरुंद असते. म्हणून लेसर आपल्या अक्षाभोवती काटकोनात फिरविला की वर सांगितलेले निर्गत प्रकाशाचे विचलन बदलले पाहिजे. क्रांतिक कोनाच्या प्रयोगात एवढी एक नोंद अधिक घेतली, तर शलाकेची रुंदी व दिशांचा विस्तार यांचा संबंध विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर उभा राहील.

अध्यापकांना एक नम्र विनंती करावीशी वाटते. क्रांतिक कोनावरून काढलेला वक्रीभवनांक कोष्टकापेक्षा कमी आला म्हणून गुण कापण्यापूर्वी, शलाकेची त्रिज्या काय होती, हा प्रश्न विद्यार्थ्यास विचारावा. त्याचे उत्तर वहीत असेल, तर तो कमी आलेला आकडा हाच प्रयोगाचा सर्वांत मोलाचा भाग आहे.